डिझेलमध्ये डब्बी टाकायची का?

मंडळी, या शनिवारचा विषय जरा तेलकट आहे. डिझेलच्या टाकीत ॲडिटिव्हची बाटली ओतावी की नाही? बाटली म्हणजे ती हो, पंपावर किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर मांडलेली असते. 'मायलेज वाढवा, पिकअप वाढवा, धूर घालवा' असं तिच्यावर लिहिलेलं असतं. आपण तिला डब्बी म्हणू.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही. निदान परतवाडा-धारणी रस्त्यावर पोटासाठी पिकअप चालवणाऱ्याने तरी नाही. पण हे 'नाही' ठोकून देण्यासारखं नाही, त्यामागे कारणं आहेत.

हाच रस्ता का? तर परतवाडा सोडलं की घटांग, मग सेमाडोह, हरिसाल आणि धारणी असा हा घाटाचा रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. आपण तिकडे वाघ बघायला जातो (आणि बहुधा सांबर बघून परत येतो). पण तिथली गावं जगतात ती पिकअपवर. किराणा, भाजीपाला, सिमेंट, पत्रे, आणि वेळ आली तर आजारी माणूससुद्धा. अशा ठिकाणी गाडी बंद पडली तर आपल्यासारखं ॲप उघडून टो-ट्रक बोलवता येत नाही. ड्रायव्हरची त्या दिवसाची कमाई तर जातेच, पुढचे चार दिवसही जातात. म्हणून तो घाबरतो. आणि घाबरलेल्या माणसाला डब्बी विकणं सगळ्यात सोपं. "साहेब, एक डब्बी टाकून पाहा, गाडी कशी पयते ते!"

गंमत म्हणजे जुन्या मिस्त्री लोकांचं म्हणणं एके काळी अगदीच चूक नव्हतं. जुन्या पिकअपचा यांत्रिक पंप काहीही पचवायचा. कुणी टू-टी ऑइल टाकायचं, कुणी आणखी काही. डिझेलही तेव्हा वेगळं होतं. आपल्याकडे डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा २००० साली २५०० पीपीएम होती. देशभराचा विचार केला तर २०१० मध्ये ती ३५० वर, २०१७ मध्ये ५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-६ आल्यावर, १० वर आली. गंधक काढताना डिझेलमधले वंगण देणारे घटकही निघून जातात. मग पंप झिजेल म्हणून वरून तेल टाका, हा तर्क तिथून आला.

पण इथेच मेख आहे. ही अडचण रिफायनरीवाल्यांनाही ठाऊक आहे! ते वंगणाचं ॲडिटिव्ह स्वतःच घालतात, कारण भारतीय मानकात (आयएस १४६०) वंगणक्षमतेची चाचणी आहे आणि सीटेन किमान ५१ हवा असंही लिहिलेलं आहे. म्हणजे पंपावरच्या साध्या डिझेलमध्ये डब्बी आधीच पडलेली असते, तीही मोजूनमापून. त्यावर आपण अंदाजाने दुसरी ओतायची म्हणजे चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर कुणा अनोळखी माणसाचा पॅच टाकण्यासारखं झालं. टेस्टिंग नाही, रोलबॅक नाही.

इंजिनही बदललंय राव. आजच्या पिकअपमध्ये कॉमन रेल असते. तिच्यात डिझेलचा दाब दीड हजार बारच्या वर जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये तो सव्वादोन बार असतो, यावरून कल्पना करा. इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या असतात, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. शिवाय सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी जळून जाते, पण ॲडिटिव्हमधल्या धातूची किंवा टू-टी ऑइलमधली राख जळत नाही. ती तिथेच साठते आणि फिल्टर बुजतो. जुन्या गाडीला जे चालायचं ते नवीला मारक ठरतं ते असं.

आता मायलेज. समजा टाकीत ६० लिटर डिझेल, ९० रुपये लिटर धरा. झाले ५४०० रुपये. डब्बी ३५० ची धरा. म्हणजे खर्च साडेसहा टक्क्यांनी वाढला. नुसती बरोबरी साधायला १२ चा ॲव्हरेज पावणेतेराच्या थोडा पुढे जायला हवा. आणि तो गेलाय हे मोजणार कसं? एका खेपेला सिमेंट, दुसऱ्या खेपेला रिकामी गाडी, एकदा पाऊस, एकदा टायरमध्ये हवा कमी. घाट चढताना आणि उतरताना आकडे इतके हलतात की पाच-सहा टक्के त्यात कुठे हरवतात ते कळतही नाही. पैसे टाकलेत म्हटल्यावर ड्रायव्हर आपोआप जरा सांभाळून एक्सलरेटर दाबतो, ते वेगळंच. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवतो म्हणणारी शंभरावर उत्पादनं तपासली, आणि मायलेज ठळकपणे वाढवणारं एकही तिला सापडलं नाही. आपल्याकडेही १९९६ साली तमिळनाडूतल्या रामर पिल्लै यांच्या झाडपाल्याच्या पेट्रोलने देश डोक्यावर घेतला होता. चाचणीत ते टिकलं नाही. तरी दर दहा वर्षांनी कुणीतरी नवी बाटली घेऊन येतंच.

मग सगळी ॲडिटिव्ह भंपक का? तर नाही, तसंही नाही. इंजेक्टरवर खरंच साका बसला असेल तर चांगला डिटर्जंट तो कमी करतो. साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी राहिलं की त्यात जंतू वाढतात, त्यांच्यासाठी औषध असतं. थंडीत डिझेल गोठू नये म्हणूनही असतं. पण लडाखमध्ये लोकांनी डब्ब्या ओतत बसू नये म्हणून इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं हिवाळी डिझेलच आणलं. चिखलदऱ्यात थंडी कितीही वाजली तरी ते लडाख नव्हे. :) थोडक्यात, आधी रोग ठरवायचा, मग औषध. डब्बीवाले मात्र उलटं करतात.

आणि मेळघाटातल्या पिकअपचा खरा रोग बहुतेक वेळा पाणी आणि घाण हाच असतो. पंप दूर, म्हणून डिझेल कॅनमधून येतं. कॅन कधी कशाचा होता देव जाणे. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. हे पाणी गाळायला फिल्टरच्या खाली वाटी आणि ड्रेनचा स्क्रू दिलेला असतो. तो सोडून पाणी काढायला पाच मिनिटं लागतात, खर्च शून्य. काही डब्ब्या मात्र पाणी डिझेलमध्ये 'मिसळवून' टाकतात. मग ते फिल्टरला चुकवून थेट इंजेक्टरपर्यंत पोचतं. डॅशबोर्डवरचा दिवा विझला म्हणून आपण खूश, आणि आत गंज सुरू. आपल्या भाषेत सांगायचं तर एरर दुरुस्त न करता लॉग बंद करून टाकला.

(जाता जाता: ज्या गाड्यांना डीईएफ लागतं ते ॲडिटिव्ह नव्हे. ते पाण्यात विरघळवलेलं युरिया आहे आणि त्याची टाकी वेगळी असते. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर गाडी सुरूसुद्धा करू नका.)

तर त्या ३५० रुपयांचं काय करायचं? चार डब्ब्यांचे पैसे वाचले की चांगला डिझेल फिल्टर येतो. तो वेळेआधी बदला. पावसाळ्यात दर आठवड्याला पाणी काढा. रात्री टाकी भरलेली ठेवा. कॅन एकच आणि झाकणाचा, ओतताना गाळणी. आणि गाडीचं मॅन्युअल उघडून ॲडिटिव्हबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचा. अनेक कंपन्या 'वापरू नका' म्हणतात, आणि वॉरंटीच्या वेळी तेच वाक्य पुढे येतं.

शेवटचा मुद्दा भेसळीचा, आणि तो ड्रायव्हरपेक्षा आपल्यासाठी आहे. पंपावर डिझेलची घनता तपासून मागणं आणि पाच लिटरच्या मापात मोजून मागणं हा कुठल्याही गिऱ्हाइकाचा हक्क आहे, फुकट. (फिल्टर पेपरची चाचणी पेट्रोलसाठी असते, डिझेलला तिचा उपयोग नाही.) पण ज्याची महिन्याची उधारी त्याच पंपावर आहे, तो पिकअपवाला हे मागेल कसा? उद्या उधारी बंद झाली तर? म्हणून तो गप्प राहतो आणि मनाच्या समाधानाला डब्बी घेतो. भेसळीचा दंड तो असा दोनदा भरतो.

नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला, पंपावरची भेसळ पकडली म्हणून. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. त्यांनी जीव दिला. आपल्याला तर फक्त एक माप मागायचंय. आपली उधारी नाही, आपण तिथे पुन्हा जाऊच असंही नाही. मेळघाटात जाताना वाटेत टाकी भराल तेव्हा दोन मिनिटं थांबा, घनता विचारा, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या पिकअपवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारा.