सुरतची पिकअप आणि आपलं खारं पाणी

गेल्या काही हंगामांत आपल्या बंदरावर जीजे-०५ नंबरच्या पिकअप दिसायला लागल्यात. कुणी उधन्याहून आणतो, कुणी कतारगामहून. डहाणूहून रेल्वेने सुरत दीडशे किलोमीटरच्या आत, सकाळी जाऊन रात्री गाडी घेऊन परत. भाव बरा पडतो, गाडीही चकचकीत दिसते. मग दोन-तीन पावसाळ्यांत तीच गाडी भंगाराच्या भावात जाते आणि मालक म्हणतो, "सुरतवाल्याने फसवलं."

माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा सुरतवाल्याने फसवलेलं नसतं. गाडी आपणच खातो.

कतारगाम म्हणजे हिऱ्याचे कारखाने, जीआयडीसीतली विणकाम-भरतकामाची मशिनं. तिथली पिकअप सूत नाहीतर कापड वाहते. माल कोरडा. कापडाला पाणी लागलं तर व्यापारी घेत नाही, म्हणून हौद्यावर ताडपत्री, खाली पत्रा सुका. त्या गाडीच्या खाली वाकून बघा, पाच-सहा वर्षांनंतरही चासीवर कंपनीचा काळा रंग सापडतो. आता आपल्या बंदरावरची तेवढ्याच वयाची गाडी बघा. पाट्यांचे थर फुगलेत, ब्रेकच्या नळीवर खवले आलेत, हौद्याच्या सांध्यात बोट घातलं तर पत्र्याचा भुगा हातात येतो. इंजिन मात्र ठणठणीत. म्हणजे आपल्याकडे गाडी चालून मरत नाही, सडून मरते.

कोरड्या मालाच्या गाडीलाही खोडी असतातच. शहरात दिवसभर थांबत-निघत चालल्याने क्लचप्लेट आणि ब्रेक लवकर झिजतात. रिकामी गाडी फिरवून बघू नका, माल भरून चढावर दुसऱ्या गिअरात बघा. सुरतेत खानदेशी माणूस भरपूर, उधना-लिंबायतच्या बाजूला मराठी मिस्त्री सहज भेटतो. कतारगाममध्ये मात्र सौराष्ट्री गुजराती चालते, तेव्हा सोबत भाषा जाणणारा एखादा मिस्त्री न्या. त्याला दिलेली दिवसाची मजुरी वाया जात नाही.

कागदाचं बोलतो, कारण तिथे नुकसान गंजापेक्षा मोठं होऊ शकतं. दुसऱ्या राज्यातली गाडी घ्यायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म २८. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५. आणि आपल्याकडे नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७, कारण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथे नोंदवावी लागते, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं. आपल्याकडे काय होतं? २९-३० वर कोऱ्या सह्या घेतात, कागद डॅशबोर्डमध्ये पडतात आणि गाडी पहिल्या मालकाच्या नावावर तीन वर्षं पळते. अपघात झाला की सगळे धावाधाव करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितलंय, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून तुम्ही तुमची जुनी गाडी विकता तेव्हाही हे लक्षात ठेवा. पैसे मोजून घेतले म्हणजे गाडी तुमच्या मानेवरून उतरली असं नाही.

आता मुख्य विषयाला येतो.

जूनमध्ये बोटी वर काढल्या की आपण काय काय करतो? बूड खरवडतो, रंग देतो, जस्त बदलतो, होडी शाकारतो. दोन महिने बंदी म्हणजे बोटीचं बाळंतपणच. नाखवा स्वतः उभा राहतो, कुठे फळी हलली, कुठे फायबर तडकलं ते हाताने बघतो. त्याच अंगणात पिकअप पावसात उभी असते, हौद्यात गेल्या हंगामाचा खवल्यांचा थर आणि तळाला साचलेलं पाणी. बोट लक्ष्मी आणि गाडी हमाल, असा हिशोब. पण बोटीने आणलेली मासळी बाजारात जाते ती त्या हमालाच्या पाठीवरून.

मीठ गाडीला लागतं तीन वाटांनी. टब समुद्राच्या पाण्याने धुतो ते पाणी, मासळीखालच्या बर्फाचं वितळलेलं पाणी आणि ओल्या वाळूत, भरतीच्या रेषेपर्यंत गाडी नेतो तेव्हा चाकांनी उडवलेलं पाणी. मीठ हवेतली ओल खेचून घेतं. त्यामुळे गाडी दिवसभर उभी असली, वरून कोरडी दिसली, तरी खाली गंज चालूच असतो. सुट्टी असते फक्त ड्रायव्हरला.

काही जण विचारतात, बोटीला जस्त लावतो तसं चासीला लावलं तर? लावून उपयोग नाही. जस्त काम करतं कारण ते आणि बोटीचं लोखंड एकाच पाण्यात बुडालेलं असतं, त्या पाण्यातूनच त्याचं काम चालतं. गाडी पाण्यात बुडालेली नसते, मग चासीच्या एका कोपऱ्यावरचं जस्त दुसऱ्या कोपऱ्याला वाचवू शकत नाही. जळकं ऑइल आणि डिझेल फवारायची जुनी पद्धतही मला पटत नाही. ते रबराच्या बुशांना आणि पायपांना खातं, ब्रेकवर उडालं तर ब्रेक घसरतो आणि पहिल्या पावसात उरलेलं सगळं खाडीत जातं. खाडीतच आपली कोळंबी वाढते, हे कुणी सांगायला नको. गंजरोधक कोटिंग मारायचं तर गाडी गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, गंज खरवडून मग. मिठावर कोटिंग मारलं तर मीठ आत कोंडतं आणि वरून छान दिसत असताना पत्रा आतून जातो.

खरं काम कंटाळवाणं आहे आणि स्वस्त आहे. प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने खालून धुणं. बंदरावरच्या बोअरचं पाणी जिभेवर ठेवून बघा, पुष्कळ ठिकाणी ते खारंच लागतं. त्या पाण्याने धुणं म्हणजे दुखण्यावर मीठ चोळणं. चासीच्या पोकळ पट्ट्यांना भोकं असतात, त्यातून पाइप घालून आत पाणी सोडायचं, घाण बाहेर येईपर्यंत. जोराचा पंप वायरींच्या जोडांवर मारायचा नाही, पाणी आत शिरतं. २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि वायरी जास्त, तिथे हिरवट बुरशी चढली की दिवा पेटतो आणि शोरूमचं बिल बघून आपला चेहरा उतरतो. पाट्यांच्या पिनांना महिन्याला ग्रीस.

हौद्याचं काम तर आपल्या घरचंच आहे. बोटीवर फायबर मारणारा कारागीर हौद्याला आतून फायबरचा थर देऊ शकतो, कोपऱ्यांना गोलाई देऊन, म्हणजे पाणी अडकत नाही. एका कोपऱ्याला उतार, तिथे नळी, नळीला कॉक आणि खाली कॅन. आज ते पाणी हौद्याच्या फटींतून थेट चासीवर आणि तिथून हायवेवर गळतं. मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर घसरतो, ही काही कल्पना नाही. एक सांभाळा, फायबर मारल्यावर त्यात टब बांधायचे हूक ठोकले आणि भोकं सील केली नाहीत, तर पाणी थराखाली जाऊन बसेल आणि तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.

वजनाचा हिशोबही चुकतो. आपण मासळी मोजतो, बर्फ मोजत नाही. आपल्या हवेत लांबच्या खेपेला मासळीइतकाच बर्फ लागतो. हजार किलो मासळी, हजार किलो बर्फ, वर टब. १.७ टनाची गाडी तिथेच भरून वाहिली. मग गावचा मिस्त्री एक पाटा वाढवून देतो आणि सगळे खूश. पाटा वाढवल्याने गाडी खाली बसत नाही इतकंच, ब्रेक आणि टायर तेच राहतात. जादा भाराला कलम १९४ खाली २०१९ पासून २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, तो भाग वेगळाच. काही गाड्यांना मागच्या अॅक्सलजवळ भार ओळखून ब्रेक कमी-जास्त करणारा वॉल्व असतो, त्याची दांडी गंजून अडकते. ब्रेकची लोखंडी नळी चासीला चिकटून जाते, नेमकी जिथे खारं पाणी गळतं तिथून. भरलेली गाडी, पहाटेचा हायवे आणि पायाखाली ब्रेक नुसता खाली जातो. माझ्या लेखी गंजाचा प्रश्न पत्र्याच्या किमतीचा नाही, तो इथे आहे. कारण गाडी चालवतो तो आपला पोरगा, भाचा नाहीतर शेजारचा मुलगा. आणि गंजाने खाल्लेल्या भागाचे पैसे विमा देत नाही.

परवान्याबद्दल थोडं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय की साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. पिकअपला तेवढ्याने भागतं. पण फिटनेस तारखेत हवा: आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचा, पुढे दरवर्षी.

मग धुवायचं कुणी? इथे घोडं अडतं. बोटीवर तांडेल, खलाशी सगळ्यांचा वाटा असतो, म्हणून बोट सगळ्यांची. ड्रायव्हरला मिळतात खेपेचे पैसे. रात्रभर जागून तो सकाळी नऊला परत येतो आणि आपण म्हणतो, गाडी धू. तो हौद्यावर दोन बादल्या मारतो आणि झोपायला जातो. त्याला दोष कसा देणार? धुण्याचे वेगळे पैसे ठरवा, घरातलं कुणी धूत असेल तर त्यालाही द्या. खेपेच्या हिशोबात बर्फ, डिझेल, टोल लिहितो, त्याच्याखाली 'धुलाई' अशी एक ओळ लिहायला काय जातं?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत इन्सुलेटेड गाडीला ठरवलेल्या खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवलं गेलं. चांगलंच आहे, ज्यांना मिळेल त्यांनी घ्यावं. पण अनुदानाच्या गाडीची चासी काही वेगळ्या लोखंडाची येत नाही.

म्हणून संस्थांनी एक काम हातात घ्यावं असं मला वाटतं. मच्छीमार संस्था बोटींना डिझेल देतात, करपरताव्याचे कागद करतात, कुठे बर्फाचा कारखाना चालवतात. हे सगळं बोटीसाठी. गाडीसाठी बंदरावर एक सिमेंटचा रॅम्प बांधायला काय हरकत आहे? गाडी वर चढेल, माणूस खाली उभा राहील, गोड्या पाण्याची टाकी, एक पाइप, खाली घाण पाणी अडवणारी टाकी. पावती फाडून गाडीमागे ठरावीक रक्कम घ्या. गोडं पाणी महाग आहे हे मान्य, उन्हाळ्यात प्यायलाच टँकर येतो अशी गावं आपल्यात आहेत. तिथे संस्थेच्या शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवून निदान दिवाळीपर्यंत भागतं का, ते बघावं लागेल. जागा कुठली, पाणी कुठून, पावती किती, हे बंदीच्या दोन महिन्यांत बसून ठरलं तर नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या खेपेला रॅम्प तयार असेल. ज्यांच्याकडे जागेची माहिती आहे त्यांनी खाली लिहा, आणि ज्यांनी हौद्याला फायबर करून घेतलंय त्यांनी खर्च किती आला आणि किती वर्षं टिकलं ते फोटोसकट टाका.