लज्जेचे रूपांतर

चित्रपटाच्या पुनर्निर्मितीला ‘नक्कल’ म्हणून निकालात काढणारी आपली समीक्षा कथानक तपासते. त्याला ताण देणारी लज्जा तपासत नाही. मासायुकी सुओ यांच्या ‘शॅल वी डान्स?’मधील (१९९६) विवाहित नोकरदार नृत्यवर्गाला चोरून जातो, कारण चारचौघांत जोडीने नाचणे त्या समाजात संकोचाचे आहे. २००४ च्या अमेरिकी आवृत्तीत प्रसंग उरले, त्यांचा सामाजिक आधार निसटला. व्ही. शांताराम यांनी ‘द ब्ल्यू एंजल’वरून (१९३०) ‘पिंजरा’ (१९७२) रचताना मात्र लज्जेचे स्थानिक अधिष्ठान शोधले: तमाशा. खरा प्रश्न येथेच उद्भवतो. जर्मन प्राध्यापक उद्ध्वस्त होऊन आपल्या वर्गात परततो आणि तेथेच मरतो. मराठी मास्तर गुरुजींचा आदर्श अभंग राहावा म्हणून स्वतःच्याच खुनाची शिक्षा पत्करतो. म्हणजे पतन मास्तरांचे, कलंक फडाचा. दोंडाईच्याजवळील सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाला गर्दी करणारा आणि घरी त्याचे नावही न काढणारा प्रेक्षक याच सोयीस्कर नीतीचा वारस आहे. तेव्हा रूपांतर अस्सल की नक्कल, हा प्रश्न गौण होय. लज्जेचा भार कोणाच्या माथी मारला गेला, हे समीक्षेने विचारले पाहिजे.