एसएसडी : वेग वाढला, भावही चढला

अमेरिकेतील मायक्रॉन या मेमरी-उत्पादक कंपनीने ३ डिसेंबर २०२५ रोजी एक घोषणा केली. ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना विकला जाणारा माल फेब्रुवारी २०२६ नंतर दुकानांकडे पाठवला जाणार नाही. विकलेल्या मालाची वॉरंटी पाळली जाईल, पण नवा माल यायचा नाही. कारणही आडपडदा न ठेवता सांगितले गेले : डेटा सेंटरकडून मागणी इतकी वाढली आहे, की मोठ्या गिऱ्हाइकांना माल पुरवणे हीच आता प्राथमिकता आहे. स्वतःचा संगणक स्वतः जोडणाऱ्या हौशी मंडळींना या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. स्वस्त आणि भरवशाचा एसएसडी म्हटले की ज्या दोन-तीन नावांचा विचार व्हायचा, त्यांतले एक नाव बाजारातून उठले होते.

हे एका कंपनीपुरते नाही. दक्षिण कोरियाच्या एसके हायनिक्सने ऑक्टोबर २०२५ मध्येच सांगितले होते, की पुढच्या वर्षाच्या उत्पादनाला आधीच मागणी नोंदली गेली आहे. नॅण्ड फ्लॅश, म्हणजे एसएसडीच्या पोटातली चिप, जगात मोजक्याच कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, जपानची किओक्सिया, तिच्याबरोबर कारखाने चालवणारी सॅनडिस्क आणि चीनची वायएमटीसी. दुकानात दिसणारे इतर डझनभर ब्रँड याच कंपन्यांच्या चिपा विकत घेऊन त्यावर आपले लेबल लावतात. त्यामुळे या पाच-सहा जणांनी तोंड फिरवले, की लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराच्या हाती भावफलक बदलण्यापलीकडे काही उरत नाही. भारतात एसएसडीचा भाव डॉलरशी बांधलेला. रुपयाने डिसेंबरात डॉलरमागे नव्वदी ओलांडली, वर १८ टक्के जीएसटी.

गंमत अशी की अडीच वर्षांपूर्वी चित्र नेमके उलटे होते. करोनाकाळात घराघरांत लॅपटॉप घेतले गेले, कंपन्यांनी उत्पादन वाढवले आणि मग मागणी एकदम बसली. २०२३ च्या मध्यावर अमेरिकेत १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी ४० डॉलरच्या खाली मिळत होता. त्या वर्षी सॅमसंगच्या सेमीकंडक्टर विभागाला सुमारे १५ लाख कोटी वॉनचा तोटा झाला. एप्रिल २०२३ मध्ये सॅमसंगने उत्पादन कपातीची घोषणा केली. तोवर ती कंपनी अशी कपात करायला तयार नव्हती. आजच्या टंचाईचे बी त्या स्वस्ताईतच पेरले गेले. तोट्यात गेलेल्या कंपन्यांनी नव्या नॅण्ड कारखान्यांवरचा खर्च रोखला, आणि हातात पैसा आला तेव्हा तो एआयच्या चिपांना लागणाऱ्या महागड्या एचबीएम मेमरीकडे वळवला. असा कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला दोन-तीन वर्षे जातात. मागणी मात्र तीन महिन्यांत बदलते.

या धंद्यात भावाला धक्का बसायला फार काही लागत नाही. जून २०१९ मध्ये जपानच्या योक्काइची येथील कारखान्यांची वीज १३ मिनिटे गेली, तर तेवढ्यात वेस्टर्न डिजिटलच्या अंदाजाने तिच्या वाट्याचा सुमारे ६ एक्साबाइट माल वाया गेला. एक एक्साबाइट म्हणजे १० लाख टीबी. फेब्रुवारी २०२२ मध्ये रसायनात भेसळ आढळली आणि पुन्हा तेवढाच फटका. या वेळचे कारण अपघाती नाही, म्हणूनच ते जास्त काळ टिकण्यासारखे आहे. एआयची मॉडेल शिकवताना अफाट माहिती प्रोसेसरना सतत भरवत राहावी लागते आणि मधल्या टप्प्यावरची स्थिती वारंवार जतन करावी लागते. महागडा प्रोसेसर माहितीची वाट पाहत बसला तर प्रत्येक सेकंद तोट्याचा. शिवाय मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्कचाही तुटवडा असल्याने जी माहिती पूर्वी हार्ड डिस्कवर गेली असती, तीही आता एसएसडीवर ठेवली जात आहे. सॉलिडाइम कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये १२२ टीबीचा एक ड्राइव्ह जाहीर केला. घरगुती १ टीबीच्या सव्वाशेच्या आसपास ड्राइव्हना लागेल एवढी चिप त्या एकाच डबीत जाते, आणि डेटा सेंटरला अशा डब्या शेकड्यांनी लागतात.

म्हणजे हौशी ग्राहक रांगेत मागे ढकलला गेला. त्याला याची बोच वाटते ती काही उगीच नाही, कारण एसएसडी घरात आणला तो त्यानेच. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी नॅण्ड फ्लॅश १९८७ मध्ये जगापुढे ठेवली. पण ती बराच काळ कॅमेऱ्याच्या कार्डात आणि पेनड्राइव्हमध्येच राहिली. सप्टेंबर २००८ मध्ये इंटेलने एक्स२५-एम हा ८० जीबीचा ड्राइव्ह आणला. घाऊक भाव ५९५ डॉलर, म्हणजे दर जीबीला जवळजवळ साडेसात डॉलर. त्या पैशात तेव्हा एक बरा संगणक आला असता. तरी तो घेणारे निघाले. २०१४ मध्ये क्रुशियलचा एमएक्स१०० आला तेव्हा २५६ जीबी सुमारे ११० डॉलरला मिळू लागले आणि एसएसडी चैनीच्या वस्तूतून गरजेच्या वस्तूत आला. २०२३ च्या तळाशी दर जीबीला ४ सेंट. पंधरा वर्षांत भाव १८० पटींहून अधिक उतरला. संगणकाच्या सुट्या भागांतही एवढी घसरण क्वचितच दिसते.

ही घसरण फुकट मिळालेली नाही, आणि इथेच ग्राहकाने जरा थांबून पाहायला हवे. फ्लॅशच्या प्रत्येक कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवलेले असतात. त्यांच्या संख्येवरून कप्प्यातला आकडा वाचला जातो. सुरुवातीच्या एसएलसी प्रकारात प्रश्न सोपा होता : पेला भरला आहे की रिकामा? एका कप्प्यात एक बिट. एमएलसीमध्ये चार पातळ्या ओळखाव्या लागतात, टीएलसीमध्ये आठ, आणि क्यूएलसीमध्ये सोळा. तेवढ्याच पेल्यात पाणी सोळा रेघांपैकी नेमके कुठल्या रेघेवर आहे हे ठरवायचे, तर भरतानाही जपून भरावे लागते आणि वाचतानाही वेळ लागतो. पेला झिजला, थोडे पाणी पाझरले, की शेजारच्या दोन रेघांत गफलत. म्हणून क्यूएलसी स्वस्त, पण लिहायला संथ आणि आयुष्याने कमी. सॅमसंगच्याच दोन १ टीबी ड्राइव्हची तुलना बोलकी आहे : टीएलसीच्या ९९० प्रोवर ६०० टीबी लिहिण्याची हमी, तर क्यूएलसीच्या ८७० क्यूव्हीओवर ३६० टीबीची.

हा आकडा ऐकून घाबरण्याचे मात्र कारण नाही. घरगुती संगणकावर दिवसाला ५० जीबी लिहिले, आणि तेवढे लिहिणारे फार थोडे, तरी ६०० टीबी संपायला ३२ वर्षे लागतील. ३६० टीबीलाही जवळपास वीस. आयुष्याची चिंता हौशी चर्चेत आजही जितकी होते, तितकी ती घरगुती वापरासाठी उरलेली नाही. वेगाचे कोडे अधिक फसवे आहे. स्वस्त ड्राइव्ह रिकाम्या जागेचा काही भाग तात्पुरता एसएलसीसारखा वापरतो, म्हणून पहिले काही दहा जीबी भराभर लिहिले जातात. ती जागा भरली, की खरा वेग उघडा पडतो. काही क्यूएलसी ड्राइव्ह तेव्हा जुन्या हार्ड डिस्कच्याही मागे पडतात. खोक्यावर छापलेला असतो तो पहिल्या काही सेकंदांचा आकडा. २०२१ मध्ये तर याहून वाईट प्रकार उघडकीस आला. काही नामांकित कंपन्यांनी ड्राइव्हचे नाव तेच ठेवून आतली चिप बदलली होती. परीक्षणे छापून आली ती चांगल्या चिपेची, ग्राहकाच्या हाती पडली ती उतरत्या दर्जाची. आरडाओरड झाल्यावर वेस्टर्न डिजिटलने यापुढे असा बदल केल्यास मॉडेलचा क्रमांकही बदलू, असे सांगितले. टंचाईच्या काळात हा मोह पुन्हा वाढतो. म्हणून आज दोन वर्षांपूर्वीच्या परीक्षणावर विसंबून खरेदी करणे धोक्याचे.

मुळात खोक्यावरचा तो आकडा किती कामाचा? साटा जोडणीचा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचतो. पीसीआयई ३.० वरचा ३,५००, ४.० वरचा ७,००० आणि ५.० वरचा १४,००० एमबीपर्यंत जातो. पंचवीस पट! प्रत्यक्षात संगणक सुरू होताना किंवा एखादे सॉफ्टवेअर उघडताना एक सलग मोठी फाइल वाचली जात नाही. इकडच्या तिकडच्या हजारो बारीक फायली, एकामागून एक वाचल्या जातात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला प्रत्येक वेळी सुई योग्य जागी न्यायला आणि तबकडी फिरून येईपर्यंत मिळून १२-१३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदात जेमतेम ८० वाचने. अशा कामात हार्ड डिस्क सेकंदाला १ एमबीसुद्धा देत नाही. साटा एसएसडी ३० ते ४० देतो. उत्तम एनव्हीएमई ड्राइव्ह ८० ते १००. म्हणजे हार्ड डिस्कवरून साध्या एसएसडीवर येणारा माणूस निदान तिसाहून अधिक पटींची उडी मारतो, आणि साध्यावरून सर्वांत महागड्यावर जाणारा अडीच-तीन पटींची, जी डोळ्यांना बहुतेकदा जाणवतच नाही.

खेळांचे उदाहरण नेहमी दिले जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मधला एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारा होता, आणि पीसीवरही तशीच क्रांती होईल अशी अपेक्षा होती. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये त्यासाठी डायरेक्टस्टोरेज हे तंत्र खुले केले. ते वापरणारे खेळ अजून मोजकेच, आणि बहुसंख्य खेळांत साटा व एनव्हीएमई यांच्यातला फरक चार-दोन सेकंदांचा. व्हिडिओ संकलन करणारे, रोज शेकडो जीबी हलवणारे यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांसाठी पाचव्या पिढीचा ड्राइव्ह ही मिरवायची वस्तू आहे, आणि तो तापतो म्हणून वर ॲल्युमिनियमची पट्टी बसवावी लागते ती निराळीच. ज्या तंत्राने बारीक वाचनाचा वेग खरोखर वाढवला होता ते इंटेलचे ऑप्टेन. जाणकार त्याच्यावर खूश होते, पण किंमत परवडेना आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलने ते गुंडाळले. बाजाराने मोठा आकडा निवडला.

भाववाढीचा खरा चटका महागडा संगणक जोडणाऱ्याला बसतच नाही. तो फार तर २ टीबीऐवजी १ टीबी घेईल. चटका बसतो तो सात-आठ वर्षांचा, हार्ड डिस्कवर रखडणारा लॅपटॉप वापरणाऱ्या विद्यार्थ्याला, झेरॉक्सच्या दुकानाला, छोट्या शाळेच्या संगणक कक्षाला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशी जुनी यंत्रे लिनक्स घालून आणखी काही वर्षे चालवता येतात, पण त्यासाठी आधी हार्ड डिस्क काढून २४० जीबीचा साधा साटा एसएसडी बसवावा लागतो. गेल्या दहा वर्षांतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय. नेमका हाच खालचा माल कंपन्यांना सर्वांत कमी नफ्याचा, आणि चिप कमी पडली की पहिली कात्री त्यालाच लागते.

महागाईबरोबर खोटा मालही येतो. ऑनलाइन बाजारात हजार-दोन हजार रुपयांत ‘१६ टीबी’चा बाह्य एसएसडी दिसला, तर त्यात बहुधा एखादे छोटे मेमरी कार्ड असते आणि क्षमतेचा आकडा खोटा सांगायला शिकवलेला कंट्रोलर. संगणक १६ टीबी दाखवतो, फायली जातातही. उघडायला गेल्यावर कळते. एच२टेस्टडब्ल्यू नावाचे मोफत साधन पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचते आणि खरी क्षमता सांगते. जुना वापरलेला एसएसडी घेत असल्यास क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये आजवर किती टीबी लिहिले गेले ते पाहता येते. विकणारा ते दाखवायला टाळाटाळ करत असेल तर पुढचे दुकान गाठावे.

आणि एक गोष्ट भावाच्या गडबडीत विसरली जाते. जुने फोटो एसएसडीवर भरून तो कपाटात ठेवून देणारे पुष्कळ आहेत. कप्प्यात अडकवलेले इलेक्ट्रॉन विजेविना हळूहळू निसटतात. जेडेक या मानक संस्थेची अट अशी, की हमीइतके लिखाण झालेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानाला एक वर्ष माहिती टिकवावी. नवा ड्राइव्ह त्याहून बराच जास्त काळ टिकवतो, पण विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाटातले तापमान ३० अंशांवर थांबत नाही. उष्णता वाढेल तसा हा काळ घटतो. वर्षानुवर्षे पडून राहायच्या माहितीसाठी हार्ड डिस्कच अजून बरी, आणि शक्य तर दोन ठिकाणी दोन.

भाव उतरतील का, याचे उत्तर दोन ठिकाणी दडलेले आहे. एक वुहानमध्ये : वायएमटीसीला अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये निर्बंधांच्या यादीत टाकले, तरी तिचे उत्पादन थांबलेले नाही, आणि तिच्या चिपा असलेले स्वस्त ड्राइव्ह भारतातही येतात. दुसरे डेटा सेंटरच्या मागणीत. ती मंदावली तर २०२३ ची पुनरावृत्ती होईल आणि गोदामे पुन्हा भरतील. गुजरातेत साणंद येथील मायक्रॉनचा प्रकल्प अनेकांना दिलासा वाटतो. पण तिथले काम चिपांची जुळणी आणि चाचणी एवढेच आहे. मूळ वेफर परदेशातूनच येणार, त्यामुळे साणंदहून बाहेर पडलेल्या मालालाही भाव लागेल तो जगाचाच.