आयदर ऑर सर्व्हायव्हर

पुरुषाला बाईच आवडायची, बाईला पुरुषच, आणि दोघं जन्मभर एकमेकांना पुरायची, हा म्हणे निसर्गनियम! असेल बुवा. पण निसर्गनियमाला एवढा स्टाफ का लागतो? पाणी उताराकडे वाहावं म्हणून कोणी मंडळ काढलेलं ऐकिवात नाही. इथे मात्र वधूवर सूचक मंडळं, पत्रिका, गुरुजी, आणि मुलाने तिशी गाठली की सबंध चाळ ओव्हरटाइमवर. 'लग्न झालं की येईल ताळ्यावर,' असं म्हणून जिला त्याच्या गळ्यात बांधतात, तिला कोणी विचारतं का?

एकपत्नीत्व तर आमच्या रक्तातच आहे म्हणतात. रक्तात शिरलं कधी? मुंबई प्रांतात १९४६ साली, कायद्याने. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. त्याआधी हिंदू पुरुष दुसरी करायला निघाला की पोलीस नव्हे, आचारी बोलावत. (दशरथाचं आपण नावच काढायला नको.) आणि 'पुरुषाला पुरुष आवडणं आपल्या संस्कृतीत नाही' म्हणणाऱ्यांचं लाडकं ३७७ कलम? ते १८६० सालचं, इंग्रजांचं! २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीला त्यातून सोडवलं, तेव्हा 'संस्कृती बुडाली' म्हणून गळा काढणारे हे विलायती मालाचे शेवटचे गिऱ्हाईक.

त्या मानाने बँकेचा फॉर्म समंजस. दोन भाऊ या, दोन मित्र या, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'वर खूण करा, सह्या ठोका. समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला बंधन नाही, असा खुलासा अर्थखात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये केला. बंधन आधीही नव्हतं. होती ती काउंटरमागची वर चढलेली भुवई, आणि खुलाशाने ती उतरते असा माझा अनुभव नाही.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे लोकांना सांगून आमचा घसा बसला. नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीने. आणि अशा जोडप्याचं लग्न मान्य करायला ऑक्टोबर २०२३ मध्ये कोर्टाने नकार दिला. ते काम म्हणे संसदेचं. म्हणजे वीस वर्षं उशाशी औषधं ठेवणारा परका, आणि वीस वर्षांत उंबरा न चढलेला पुतण्या वारस! मृत्युपत्र केलेलं असेल तर ठीक. निसर्गनियमवाल्यांना तेवढी सवलत आहे, ते मृत्युपत्र न करताही मरू शकतात.

हे सांगितलं की आमचे लोक म्हणतात, "मग त्याने वेळेवर लग्न का नाही केलं?"

अहो, कोणाशी?