चोर सोडून संन्याशाला फाशी

संगणक-प्रणालीची चोरटी नक्कल रोखण्याचा तिच्या कर्त्यांचा हक्क निर्विवाद आहे. परंतु त्या बंदोबस्ताचा जाच मोल देणाऱ्यास होऊ नये. विंडोजची प्रत अस्सल आहे की नाही, हे मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर इंटरनेटद्वारा तपासतात. ऑगस्ट २००७ मध्ये वापरास सिद्ध न झालेली आज्ञावली त्यांवर चुकून चढविली गेली आणि सुमारे १९ तास अस्सल प्रतीही नकली ठरू लागल्या. व्हिस्टामधील काही सोयी बंद पडल्या. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे बाधित संगणक १२,००० हून कमी होते. सर्व्हर पूर्णतः बंद असते, तर प्रती अस्सलच मानल्या जाण्याची योजना होती. परंतु ते चालू राहून चुकीचा निवाडा देत होते. म्हणून एका नकारावरून ग्राहकाच्या सोयी हिरावून घेऊ नयेत; फेरतपासणीपर्यंत त्याला अवधी द्यावा.