उरलेले दोन टक्के

गेल्या तीन महिन्यांत आमच्या दफ्तरी येऊन पडलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच असावा, हा निव्वळ योगायोग मानण्याइतके आम्ही भोळे राहिलेलो नाही. उन्नत मार्गावरील स्थानकांची कामे पाहणारे साइट इंजिनिअर, फिनिशिंगची कामे घेणारे पेटी कंत्राटदार आणि ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्त्या काढून काढून थकलेले आर्किटेक्ट या तिघांचे आपसांत क्वचितच पटते. परंतु या खेपेस तिघांचीही तक्रार मासिक प्रगती-अहवालातील एका आकड्याविषयी आहे. एका उपनगरी मार्गावरील इंजिनिअर लिहितात की, त्यांच्या स्थानकाची प्रत्यक्ष प्रगती दोन पावसाळे ‘९८ टक्के’ अशीच कळवली जात होती; आता वरून ताजा हुकूम आला आहे की ती दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत कळवावी. त्याप्रमाणे गेल्या महिन्यात ९८.१२ कळवली, या महिन्यात ९८.१७. स्थानकाला रस्त्यावर उतरणारा जिना अद्याप नाही. प्रगतीला दशांश मात्र मिळाले आहेत.

हा आकडा बनावट असता, तर तो लिहिणाऱ्याची खरडपट्टी काढून आम्ही मोकळे झालो असतो. पण तो खरा आहे. बीओक्यूतील रकमांच्या प्रमाणात कामाचे वजन धरावयाचे आणि त्या वजनाने झालेले काम तोलावयाचे, हा आपला जुना शिरस्ता. त्या तराजूत पाइल, पाइल कॅप, पिअर, कॉनकोर्स आणि प्लॅटफॉर्मचे स्लॅब, पीईबी छत आणि सरकते जिने एवढे चढले की पारडे जवळजवळ टेकते. मागे काय उरते? प्रवेशद्वाराच्या जिन्याचा फूटिंग, लिफ्टचा खड्डा, पादचारी पुलाचा शेवटचा गाळा, छताच्या पाण्याची गटाराशी जोडणी, पदपथाचा कर्ब, टॅक्टाइल टाइल्सची पट्टी आणि अग्निशमन खात्याचा दाखला. पैशाच्या हिशेबात ही सारी क्षुल्लक बाब आहे, आणि दाखला तर बीओक्यूत नसतोच, म्हणून त्याचे वजन शून्य. उतारूचे पाऊल सर्वप्रथम जेथे पडावयाचे, त्या पायरीला अहवालात जवळपास किंमतच नाही, आणि ज्याला किंमत नाही त्याचा पाठपुरावा करण्याची कोणत्याही आढावा बैठकीला गरज भासत नाही.

याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. नवी मुंबई मेट्रोचा बेलापूर ते पेंधर हा पहिला मार्ग ११.१ किलोमीटरांचा, त्यावर स्थानके ११, गाडी तीन डब्यांची. कामाचा शुभारंभ १ मे २०११ रोजी झाला आणि उतारूंची ने-आण सुरू झाली ती १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. साडेबारा वर्षांच्या या अवधीत व्हायाडक्ट उभा राहिला, २०१९ साली गाडीची चाचणीही झाली. परंतु स्थानकांची कामे मूळ कंत्राटदाराकडून काढून दुसऱ्यांच्या पदरी घालावी लागली आणि २०२० मध्ये महामेट्रोला पाचारण करावे लागले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, खारघरचे रस्ते, गटारे आणि भूखंड यांची आखणी ज्या सिडकोने केली, तिचाच हा मार्ग. शिवाय कामास आरंभ झाला तेव्हा पनवेल महानगरपालिका अस्तित्वातच नव्हती. ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, आणि बेलापुरास नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत सुरू होणारा मार्ग खारघरपासून पुढे या नव्या पालिकेच्या हद्दीत आला. खांब जागचे हलले नाहीत, त्यांच्याखालची हद्द बदलली. नकाशा आणि जमीन या दोहोंचा मूळ धनी एकच असताना जर ही अवस्था, तर जेथे रस्ता एकाचा, पदपथ दुसऱ्याचा, गटार तिसऱ्याचे आणि त्याखालची केबल चौथ्याची आहे, तेथील इंजिनिअराने कोणाच्या दाराशी उभे राहावे? (सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र हाती आल्यावरही उद्घाटनाच्या मुहूर्तासाठी काही काळ गेला आणि अखेर सेवा समारंभाविनाच सुरू झाली, याची येथे केवळ नोंद करतो, तो विषय स्वतंत्र संपादकीयाचा आहे.)

कोणाच्या दाराशी उभे राहावे, याचे उत्तर आरंभी उल्लेखिलेल्या इंजिनिअर पत्रलेखकाने अनुभवाने मिळवले आहे, आणि त्यांची कैफियत त्यांच्या व कचेऱ्यांच्या नावांशिवाय, पण तपशिलांसह देणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्यांच्या स्थानकाचा पश्चिमेकडील जिना पदपथावर उतरावयाचा होता. फूटिंगच्या जागी भूमिगत वाहिन्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी ट्रायल पिट घ्यावयाचा, म्हणून रस्ता खोदाईच्या परवानगीचा अर्ज केला. रस्ते विभागाने उत्तर दिले की, खोदाईच्या जागेतील सर्व वाहिन्यांचे संबंधित खात्यांनी प्रमाणित केलेले नकाशे जोडल्याखेरीज अर्ज विचारात घेता येत नाही. संबंधित खात्याकडे नकाशा मागितला, तेव्हा त्या खात्याने लेखी कळवले की, त्या भागाचा अद्ययावत नकाशा उपलब्ध नसून, वाहिन्यांची नेमकी जागा ट्रायल पिट घेऊनच निश्चित करावी लागेल. हे उत्तर रस्ते विभागाला सादर केले असता, ‘नकाशा जोडलेला नाही’ असा शेरा मारून प्रकरण परत आले. या दोन्ही कचेऱ्या एकाच इमारतीत आहेत आणि त्यांना जोडणारा जिना उत्तम स्थितीत आहे.

वरिष्ठांच्या मध्यस्थीने परवानगी निघाली ती मेअखेरीस, तीस दिवसांच्या मुदतीची. लगोलग पावसाळ्यातील खोदाईबंदी लागू झाली. बंदीत खोदता येईना आणि मुदत मात्र चालूच. बंदी उठेपर्यंत ती सरून गेलेली, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज, नवे शुल्क, नवी अनामत. अखेर दिवाळीच्या सुमारास खड्डा घेतला, तेव्हा जेथे काहीच नाही असे सर्वांनी तोंडी सांगितले होते तेथे उच्चदाबाची केबल निघाली, आणि जिना काही मीटर सरकवावा लागला. या साऱ्या काळात स्थानकाची प्रगती ९८ टक्के होती, आणि ती ९८ टक्के का आहे असा खुलासा दरमहा मागवला जात होता.

जिना काही मीटर सरकवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस सांगणे नलगे. पण हुकूम काढणाऱ्यांपैकी कोणी हे पान चुकून वाचलेच तर त्याच्या माहितीसाठी सांगतो. जिना सरकला की पादचारी पुलाच्या गाळ्याची लांबी बदलते, गर्डरची खोली बदलते, मग त्याखालची वाहतुकीची उंची पुन्हा तपासावी लागते. लिफ्टचा खड्डा हलला की त्याच्या पाण्याच्या निचऱ्याची पातळी बदलते, आणि कोकणातल्या पावसात ती चुकली तर पहिल्याच आषाढात लिफ्ट बंद. एनएफपीए १३० नुसार प्लॅटफॉर्म चार मिनिटांत रिकामा व्हावा आणि शेवटचा उतारू सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोहोचावा, या हिशेबावर निर्गमनाच्या वाटांची रुंदी आणि लांबी बेतलेली असते. एक जिना हलला की तो हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो, अग्निशमन खात्याची मंजुरी नव्याने घ्यावी लागते, जीएफसी ड्रॉइंगची आवृत्ती बदलते आणि तोवर शटरिंगवाल्याची माणसे दुसऱ्या साइटवर निघून जातात. करारनाम्यात मात्र या साऱ्याचे नाव ‘ड्रॉइंगमधील किरकोळ सुधारणा’. म्हणून एक्स्ट्रा आयटम नाही, मुदतवाढ मिळालीच तर बिनखर्चाची, आणि दंडाची टांगती तलवार कायम.

परंतु केवळ अधिकाऱ्यांना दूषणे देऊन हा लेख संपवला, तर आमचे सभासद खूष होतील आणि सत्य अर्धेच सांगितले जाईल. आपल्यापैकी किती कंत्राटदारांनी टेंडर भरताना पाइल आणि पिअरचे दर चढवून, फिनिशिंगचे दर पडेल ठेवून, रोकड आधी काढून घेण्याची व्यवस्था केली आहे? ज्या कामात प्रत्येक चौरस मीटरला खोट येते असे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, ते काम शेवटी पेटी कंत्राटदाराच्या गळ्यात मारून मोठी यंत्रसामग्री दुसऱ्या साइटवर हलवली जाते, आणि त्या बिचाऱ्याचे आरए बिल मापनपुस्तिकेत अडकून पडते. दशांशाचा हुकूम काढणाऱ्याइतकाच हा हिशेब करणाराही या दोन टक्क्यांचा जनक आहे. आणि आर्किटेक्ट मित्रहो, आपणही निर्दोष नाही. स्थानकाची रचना छतापासून खाली येते आणि पदपथापर्यंत पोहोचेतो उमेद आणि अंदाजपत्रक दोन्ही आटलेली असतात. पुण्यात डेक्कन जिमखाना स्थानकावर पगडीच्या आकाराचे छत चढवले, त्याचे कौतुक आम्हीही करतो. परंतु ते स्थानक ऑगस्ट २०२३ मध्ये उतारूंसाठी खुले झाले, आणि नदीपलीकडच्या पेठांना त्याच्याशी जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या कामासाठी भिडे पूल बंद ठेवण्याचे प्रसंग २०२५ सालीही येत होते. पगडी आधी चढली, पायांची सोय मागून झाली.

हे सारे आत्ताच बोलण्याचे कारण आहे. केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ची प्रमाण-मानके जाहीर केली; गर्दीच्या वेळी एका दिशेला ताशी १५,००० पर्यंत उतारू असलेल्या मार्गांसाठी हलकी रेल्वे, शक्य तेथे जमिनीलगत, साध्या निवाऱ्याचे थांबे. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मार्गासाठीही हलक्या रेल्वेचा विचार मध्यंतरी झाला होता. अखेर १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ किलोमीटर आणि २२ स्थानकांच्या मेट्रोला मंजुरी दिली, तिची मुदत २०२९. तरीही हलकी रेल्वे म्हणजे सोपे काम, कमी काँक्रीट, लवकर पूर्तता, असा एक समज आपल्या मंडळींत पसरतो आहे, तो वेळीच मोडून काढला पाहिजे. जमिनीलगतच्या थांब्यात पिअर नाही, कॉनकोर्स नाही, मोठे छत नाही. मग उरते काय? कर्ब, रस्ता ओलांडण्याची जागा, गटाराचा उतार, वाहिन्यांचे स्थलांतर, पदपथाची हद्द आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याला मान्य होईल असा रॅम्प. उन्नत स्थानकात जे शेवटचे दोन टक्के होते, तेच हलक्या रेल्वेच्या थांब्यात संपूर्ण काम होऊन बसते. ज्या यंत्रणेला दोन टक्के दोन पावसाळ्यांत उरकत नाहीत, तिच्या हाती केवळ त्याच दोन टक्क्यांचा बनलेला मार्ग देणे म्हणजे काय, याचा विचार मुहूर्ताचा नारळ फुटण्यापूर्वी व्हावा.

म्हणून आमची मागणी दशांशाची नाही. मागणी एवढीच की, प्रगती-अहवालात प्रत्येक स्थानकाच्या प्रत्येक प्रवेशद्वाराची स्वतंत्र ओळ असावी आणि त्या ओळीत टक्क्यांऐवजी चार तारखा लिहाव्यात: जागेचा ताबा मिळाल्याची, ट्रायल पिट घेतल्याची, वाहिन्या हलवल्याची आणि शेवटची पायरी पदपथाला टेकल्याची. जी तारीख रिकामी असेल तिच्यापुढे ज्या कचेरीमुळे ती रिकामी आहे तिचे नाव. टेंडरात ट्रायल पिट ही पाइलिंगच्या आधीची, पैसे मिळणारी बाब ठरवावी. खोदाई-परवानगीच्या मुदतीतून पावसाळ्याचे दिवस वगळावेत. आणि प्रवेशद्वारांच्या कामासाठी रकमेचा ठरावीक हिस्सा राखून ठेवावा, म्हणजे तो दर पाडून बुडवण्याचा मोह कोणास होणार नाही. यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. लागते ती एक सही, आणि ती कोणाची हे प्रत्येक प्रकल्पावर सर्वांना ठाऊक असते.

तोवर हुकमाची वाट पाहत बसू नका. वाचकहो, आपापल्या स्थानकाच्या प्रवेशद्वारांच्या या चार तारखा येत्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. तुमचे नाव गुप्त राहील. प्रकल्पाचे नाव घालण्याचा आग्रह नाही. गेल्या वर्षी अशीच माहिती मागवली तेव्हा ज्यांनी ‘साहेबांना विचारून कळवतो’ असे लिहिले आणि पुढे काहीच कळवले नाही, त्यांनी या वेळी साहेबांना विचारू नये. आलेला तक्ता आम्ही जसाच्या तसा छापू, रिकाम्या चौकटी रिकाम्याच ठेवू, आणि तो अंक ज्या ज्या कचेरीत जावयास हवा तेथे पोच घेऊन पोहोचवू. त्या इंजिनिअरांच्या स्थानकाची पहिली ओळ आम्ही स्वतःच भरली आहे. तिच्यात तारखा दोन आहेत, चौकटी चार.