एकीची हाक आणि माझं एक मत

आमच्या मुरुडला दर निवडणुकीआधी अजून एक निवडणूक होते, फक्त तिच्यात कुणालाच मत देता येत नाही. तिचं नाव तिकीटवाटप. मुंबईत कुठल्यातरी बंगल्यावर रात्री दोनपर्यंत बैठक चालते आणि सकाळी चहाच्या टपरीवर कळतं की "आपला" माणूस कटला. मग दोनच रस्ते उरतात. एकतर बंड, नाहीतर "पक्षाचा आदेश शिरसावंद्य".

अमेरिकेत ही आधीची निवडणूक उघड्यावर होते. २००८ साली हिलरी क्लिंटन आणि ओबामा महिनोन्‌महिने राज्याराज्यांतून भांडले. हिलरीबाईंना सुमारे १ कोटी ८० लाख मतं पडली, तरी त्या हरल्या. ७ जूनला त्यांनी वॉशिंग्टनमध्ये माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला. ऑगस्टमध्ये डेन्वरच्या अधिवेशनात तर त्यांनीच पुढे होऊन ओबामांची निवड एकमुखाने करा असा ठराव मांडला. आपल्याकडच्या भाषेत, बाईंनी सगळं मनापासून केलं.

त्यांच्या मागे गे मतदारांचा मोठा गट होता. त्यातले बरेच चिडले. खरं तर लग्नाच्या प्रश्नावर दोन्ही उमेदवारांचं उत्तर तेव्हा सारखंच होतं: लग्न नको, सिव्हिल युनियन चालेल. पण चीड धोरणांचा तक्ता बघून येत नाही. आपण जिच्यासाठी दारोदार फिरलो तीच आता सांगते की त्याला मत द्या, हे गिळायला वेळ लागतो. शेवटी बहुतेक जण आले. नोव्हेंबरच्या एक्झिट पोलमध्ये गे मतदारांपैकी साधारण ७० टक्के ओबामांकडे होते. चार वर्षांपूर्वी केरींना ७७ टक्के मिळाले होते. म्हणजे आले, पण सगळे नाही आले.

आणि एकीचं बक्षीस काय? ज्या दिवशी ओबामा जिंकले त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी, म्हणजे ओबामांना भरभरून मतं देणाऱ्या राज्याने, समलिंगी लग्नं बंद करणारा प्रस्ताव ५२ टक्क्यांनी मंजूर केला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. या मंडळींनी मत दिलं, पण तोंड बंद केलं नाही. २००९ मध्ये काही जणांनी पक्षाला देणग्या देणं थांबवलं. २०१० मध्ये सैनिकांनी व्हाईट हाऊसच्या कुंपणाला स्वतःला बांधून घेतलं. त्याच डिसेंबरात सैन्यातल्या गे लोकांना गप्प बसवणारा कायदा रद्द झाला, आणि मे २०१२ मध्ये ओबामांनी लग्नाला पाठिंबा जाहीर केला. एकी मतदानाच्या दिवसापुरती होती, हिशेब दुसऱ्या दिवशी सुरू झाला.

आता रायगडात या. २०२४ च्या लोकसभेला इथली जागा भाजपला हवी होती, धैर्यशील पाटलांसाठी. ती गेली राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंना. पाटलांनी बंड केलं नाही आणि ऑगस्टमध्ये ते राज्यसभेवर गेले. योगायोग म्हणा, हिशेब म्हणा. त्याच वर्षी विधानसभेला अलिबाग-मुरुडमध्ये युतीची जागा शिंदे सेनेच्या महेंद्र दळवींना सुटली, तेव्हा भाजपच्या दिलीप भोईरांनी अपक्ष उभं राहून तीस हजारांहून जास्त मतं घेतली. दोघांनीही आपली ताकद दाखवली, एकाने थांबून, दुसऱ्याने लढून. एकीची किंमत असते, पण ती ज्याची मतं मोजता येतात त्यालाच मिळते.

आणि माझी? मी गे आहे, नोकरी पुण्यात, मतदारयादीत नाव मुरुडला. ७ मे २०२४ ला माझ्यापुढे काय होतं बघा. राष्ट्रवादीने २०२० मध्ये एलजीबीटी सेल काढला होता. सुप्रिया सुळेंनी २०२२ मध्ये समलिंगी लग्नासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. पण २०२३ मध्ये पक्ष फुटला. घड्याळ तटकरेंकडे आणि सुळे पलीकडे. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा चेंडू संसदेकडे टोलवला होता. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात सल्लामसलत करून सिव्हिल युनियनचा कायदा आणू असं एक वाक्य होतं. पण रायगडात काँग्रेस नव्हती, आघाडीच्या एकीसाठी इथे मशाल होती. म्हणजे त्या एका वाक्यासाठी मी शिवसेनेच्या अनंत गीतेंना मत द्यायचं. १९९८ साली 'फायर' सिनेमावरून मुंबईत थिएटर फोडणारी शिवसेना तेव्हा अखंड होती, हे मला आठवतच होतं. दोन्ही बाजूंच्या प्रचारात हा विषय माझ्या कानावर एकदाही आला नाही. मी काय केलं ते सांगत नाही, मतदान गुप्त असतं :)

"मग नोटा दाब" असं माझा एक मित्र म्हणतो. मला पटत नाही. नोटाच्या आकड्यात रस्त्यावरून चिडलेला, पाण्यावरून चिडलेला आणि मी, सगळे एकाच गोणीत. आमचा विदाच कुणाकडे नाही. कुठल्या वाडीत कुठल्या समाजाची किती घरं हे कार्यकर्त्याला तोंडपाठ असतं. आम्ही त्याच्या वहीत नाही, कारण आम्ही कुठल्याच एका वाडीत राहत नाही.

वहीत यायचं तर नाव सांगावं लागतं. पुण्यात ते मला जमतं. मुरुडमध्ये, जिथे आईला बाजारात रोज तीच चार माणसं भेटतात, तिथे नाव सांगायची किंमत आई मोजते. म्हणून गावातल्या कुणालाही मी "बाहेर ये, मोजला जा" असा सल्ला देणार नाही. फुकटचं शौर्य आहे ते.

पण प्रश्न विचारायला गे असायची गरज नाही, हे लक्षात घ्या. तुमच्यापैकी कितीतरी जणांची नावं अजून गावच्या यादीत आहेत. पुढच्या वेळी दारात कोणी आलं, की पाणी आणि रस्त्यांसोबत हेही विचारा: जोडीदार म्हणून दोन पुरुषांची किंवा दोन बायकांची नोंद व्हावी याला तुमचा पाठिंबा आहे का? हो किंवा नाही. उत्तर काहीही येवो, मत हवं त्याला द्या, पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी परत विचारा. एकाच गावात दहा वेगवेगळ्या दारांत हा प्रश्न आला, तर तो नेमका कोणाच्या घरातला हे कार्यकर्त्याला कळणार नाही. वहीत मात्र त्याला तो लिहावा लागेल.